सुपडूनानांचा तळहात

कॉम्प्युटरला ताप आलाय का, हे हात लावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सकाळचं पहिलं प्रॅक्टिकल सुटलं की सुपडूनाना पहिल्या रांगेपासून सुरुवात करत. चाळीसच्या चाळीस मशीनच्या कुशीला एकेक करून तळहात टेकवायचा, क्षणभर थांबायचं, पुढे जायचं. बारा नंबरपाशी हात जरा जास्त वेळ राही. मग माझ्याकडे न बघता ते म्हणत, "बाराले कणकण हाये, मॅडम. आज त्याच्यावर दांडगं काही चालवू नका." पहिल्या दिवशी मी हसले होते. दुपारी दोनला बारा नंबर आपोआप बंद पडला, तेव्हा हसू आवरतं घेतलं.

मी धुळ्याची. जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायला लागले, तेव्हा नुकतीच एम.ई. झाले होते आणि हे दिसेल त्याला सांगायची मला हौस होती. लॅब तिसऱ्या मजल्यावर, वर उघडी गच्ची, पश्चिमेला ओळीने सहा खिडक्या, त्यांच्याबाहेर अरुंद व्हरांडा. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत बसून शिकवणं म्हणजे स्वतःला भाजून घेणंच होतं. नाना तिथले लॅब असिस्टंट. वय सत्तावन्न, अंगात नेहमी फिकट निळा शर्ट, खिशात एक पेन आणि एक रंगवायचा ब्रश. ब्रशनं ते कीबोर्डची धूळ झाडत.

नावाचं मी विचारलं तेव्हा त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. "आईची आधीची दोन लेकरं गेली. मंग मी झालो तं जगावा म्हनून मले सुपात घातलं. तवापासून सुपडू." ते जळगावजवळच्या असोद्याचे. तिकडच्या बोलीत ळ चा य होतो, त्यामुळे केळी त्यांच्या तोंडी केयी आणि जळगाव जयगाव. माझं धुळ्याचं बोलणं फोनवर आईशी सुरू झालं की ते मान वळवून ऐकत आणि फोन ठेवला रे ठेवला की म्हणत, "झालं का तुमचं शे-शे?" आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, त्यावरून ही चेष्टा. मी चिडायची. चार दिवस चिडले नाही तर त्यांना करमायचं नाही.

मुलं ब्राउजरमध्ये पंधरा-पंधरा टॅब उघडून बसत. एकात क्रिकेटचा स्कोअर, एकात गाण्याचा व्हिडिओ, तीन-चार जाहिरातींनी भरलेली पानं, आणि कोपऱ्यात कुठेतरी बिचारं प्रॅक्टिकल. मशीन अडखळायला लागलं की हाक नानांना. नाना मागून येऊन उभे राहत. "किती पाहुने बोलावले रे भो? आन एवढ्यायले चहा कोन पाजीन?" मग स्वतः माउस हातात घेऊन एकेक टॅब बंद करत. "उठा पाहुने, उठा. मानूस कामात हाये." पुढेपुढे मुलंच एकमेकांना 'पाहुणे उठव' म्हणू लागली. मी त्याच मुलांना मेमरी आणि प्रोसेस या विषयावर दोन तास घसा कोरडा केला होता. त्यातलं आज त्यांना काही आठवत असेल असं वाटत नाही, पण पाहुणे नक्की आठवत असतील.

एकदा मी प्रोसेसरचे कोअर शिकवत होते. फळ्यावर चौकटी, चौकटींना बाण, बाणांना आणखी बाण. मुलांचे चेहरे कोरे. मागच्या रांगेत नाना कीबोर्ड झाडत होते. हात थांबवून म्हणाले, "मॅडम, रागावनार नसल्या तं एक सांगू?" मला राग आला होता, पण वर्गासमोर काय करणार, सांगा म्हटलं.

"आमची केयीची बाग हाये," नाना मुलांना म्हणाले. "ट्रक उभा राह्यला का टोयी येते. एक गडी घड कापतो, दुसरा खांद्यावर वाहतो, तिसरा पान्यात धुतो, चौथा पेटी भरतो. हे झाले तुमचे चार कोअर. आते तीन गडी बांधावर बसून राह्यले आन एकटाच कापतो, वाहतो, धुतो, भरतो. ट्रक निंघीन का टायमावर?"

"मग शंभर गडी आणू नाना," एक मुलगा म्हणाला.

"आन ना. पन कापनारा एकच असला तं बाकीचे नव्यान्नव काय करतीन? बिड्या ओढतीन." वर्ग हसला. नाना हसले नाहीत. ते शिकवत होते. "ब्राउजरवाल्यानं हुशारी केली. हरेक पाहुन्याले सोताचा गडी देला. एकाचा घड पडला तरी बाकीच्यायचं काम थांबत नाही. समजलं का?"

समजलं होतं. नानांच्या त्या नव्याण्णव गड्यांच्या गोष्टीला पुस्तकात भारदस्त नाव आहे, सूत्र आहे, आणि ते डोक्यात शिरायला मला अख्खं सत्र लागलं होतं. नानांनी ते केळीच्या बागेतून उचलून आणलं आणि पुन्हा ब्रश हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना त्याचंच प्रात्यक्षिक दाखवायला बसले. एक छोटं वेब पान लिहिलं. एक मोठं गणित आधी एकट्याने करायचं, मग तेच चौघांत वाटून करायचं. माझ्या लॅपटॉपवर वाटून केल्यावर वेळ जवळजवळ पाव झाला. लॅबच्या मशीनवर मात्र एकट्याने करा नाहीतर चौघांत वाटा, वेळ तेवढाच. मी वैतागून सगळ्यांदेखत म्हटलं, "ही मशीनच भंगार आहेत." नानांचा ब्रश थांबला. "भंगार नका म्हनू, मॅडम," ते हळूच म्हणाले. "चांगले मशीन हायेत ते." मी लक्ष दिलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

त्याच एप्रिलमध्ये परीक्षा केंद्राचं प्रकरण आलं. एमसीएची प्रवेश परीक्षा ऑनलाइन असते, ब्राउजरमध्ये. आमच्या लॅबमध्ये केंद्र मिळावं म्हणून कॉलेजने अर्ज केला होता, आणि त्याची सगळ्यात जास्त वाट पाहत होती रमिला. शेवटच्या वर्षाची मुलगी, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गाव, बाप पावसावरची शेती आणि मजुरी करणारा. ती इथल्या वसतिगृहात राहायची. तिच्यासारख्या आणखी दहा-बारा मुली होत्या. माझी बोली कळल्यापासून ती माझ्याशी घरच्यासारखं बोले. "मॅडम, बाप म्हणस, जळगाव शे तं दे परीक्षा. नाशिकले माले कोनी धाडत नही. आनि मंग लगीन." तिच्या घरी लग्नाची बोलणी सुरूही झाली होती. म्हणजे केंद्र इथे मिळालं तर परीक्षा, नाहीतर नाही, इतकं ते सरळ होतं.

तपासणीला एक तरुण अधिकारी आला. चाळीस मशीनवर एकदम नमुना परीक्षा उघडली. कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळू लागलं आणि प्रश्नाच्या जागी नुसतं पांढरं पान. कुठे आकृती अर्धीच आली, कुठे उत्तरावर क्लिक केलं तरी हू नाही की चू नाही. अधिकारी सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, घड्याळ पळतंय आणि प्रश्न येत नाही. मुलांचं नुकसान होईल. आठ दिवसांनी पुन्हा येतो. तेव्हाही असंच असेल तर मुलांना नाशिकला जावं लागेल." प्राचार्यांनी नव्या मशीनचं नावही काढलं नाही. जुनी भंगारात काढायची यादी करा, एवढंच म्हणाले. नाना दारात उभे राहून ऐकत होते.

दोन दिवस मी ब्राउजरशी झटले. जुनी आवृत्ती काढली, नवी घातली, नको ते सगळं बंद केलं. फरक दिसेना. तिसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरून बसले होते, समोर माझा लॅपटॉप उघडा, त्यावर प्रोसेसरचा आलेख. नानांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि वाकून बघितलं.

"ह्या काय चौकटी हायेत?"

"आठ आहेत ना? एकेका कोअरची एकेक. कोण किती काम करतंय ते दिसतं."

नाना बारा नंबरकडे गेले, तिथे तेच उघडलं आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, आमच्यात एकच चौकट हाये."

मी उठून बघितलं. प्रोसेसर चार कोअरचा. चौकट एक. तेरा नंबरला एक, चौदाला एक. मी म्हटलं, "असं कसं? बाकीचे तीन गेले कुठे?" मागे वळले तर नाना कपाटापाशी होते. प्रत्येक मशीनला एक पान अशी त्यांची जाड वही होती. ती त्यांनी उघडली आणि माझ्यासमोर ठेवली. पानाच्या मध्यावर, त्यांच्या गोल अक्षरात, "तीन कोअर बंद केले. ऊन उतरल्यावर सोडणे." पान उलटलं. तेच. चाळीसही पानांवर तेच होतं. त्याखाली थोडी जागा सोडून पुढच्या नोंदी जुलैच्या होत्या.

"तीन गडी बांधावर मीच बसवले, माय," नाना म्हणाले. तोपर्यंत त्यांनी मला कधी मॅडमशिवाय हाक मारली नव्हती.

चार वर्षांपूर्वी मेमध्ये उन्हानं लॅबमधली सहा मशीन लागोपाठ जळाली होती. एसी नव्हता, मिळणारही नव्हता. दुरुस्तीला आलेल्या माणसानं सांगितलं की प्रोसेसरचे कोअर कमी चालवा, मशीन कमी तापेल. नानांनी तीन दिवस बसून प्रत्येक मशीन पुन्हा पुन्हा सुरू करत एकेकाचे तीन-तीन कोअर बंद केले. त्यानंतर एकही मशीन जळलं नाही. आणि अख्खं कॉलेज चार वर्षं त्या मशीनना हळू म्हणून नावं ठेवत होतं.

"मग ऊन उतरल्यावर सोडले का नाहीत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

नाना स्टुलावर बसले. "घरची गेली ना तवा. मंग ध्यानातच राह्यलं नाही."

बराच वेळ ते ब्रशचे केस सरळ करत होते. मग म्हणाले, "तीन दिवस मी ह्यायच्यात गुंतेल व्हतो. ह्याले हात लाव, त्याले हात लाव. कोनता तापला, कोनता निवला. तिसऱ्या दिवशी घरी गेलो तं ती बागातून आलेली. म्हने, डोकं लई दुखते. मी म्हनलं, पडून राह्य. थकेल व्हतो. सकायी उठवलं तं बोलेना. दवाखान्यात डाक्टर म्हने, ऊन लागलं, आंग तापेल व्हतं लई." त्यांनी स्वतःचा तळहात उलटा करून बघितला. "चायीस मशीनले लावला, माय. तिच्या कपायाले लावला नाही."

मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, आणि तोवर मला वाटत होतं की मशीनला हात लावून बघणं ही त्यांची एक गंमतच आहे.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून चाळीस मशीनचे कोअर सोडले. एक मशीन ते करत, पुढचं मी. दिवेलागणीला नमुना परीक्षा चाळीसही मशीनवर उघडली. पांढरं पान दिसलंच नाही. क्लिक केलं की प्रश्न, क्लिक केलं की पुढचा प्रश्न. मी आनंदानं अक्षरशः टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "नाना, झालं काम. आता हे कुणाला सांगायची गरज नाही. दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार. उगाच कशाला?"

"चार वर्सं पोरायनं मशीनले शिव्या देल्या," नाना म्हणाले. "तुमीबी भंगार म्हनल्या. त्यायची चूक नव्हती, हे कोनी तं सांगायले पाह्यजे."

सकाळी ते प्राचार्यांकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून आले. बायकोचं सोडून. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. नानांनी तो वहीतल्याच गोल अक्षरात दीड ओळीचा दिला. मग लॅबच्या फळ्यावर लिहिलं, "मशीन हळू होते ही माझी चूक. मशीन चांगले आहेत. सु." मुलांनी तो फळा आठवडाभर पुसला नाही. मला वाटलं होतं मुलं टिंगल करतील. एकानंही केली नाही.

अधिकारी पुन्हा आला, बघितलं, केंद्र मंजूर झालं. रमिलाने वसतिगृहातूनच बापाला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं. पण परीक्षा होती मेच्या मध्यावर, दुपारच्या सत्रात. आणि आता चारही कोअर सुटलेले. मी नानांना म्हटलं, "तीन तास चाळीस मशीन पूर्ण ताकदीनं चालणार. ज्या उन्हासाठी तुम्ही कोअर बंद केले, ते ऊन तसंच आहे. परीक्षा चालू असताना मशीन बंद पडलं तर?"

"मंग बाग झाकतात तसं झाकू," नाना म्हणाले.

आमच्या भागात उन्हाळ्यात केळीच्या बागेला पश्चिमेच्या अंगानं जुन्या साड्या बांधतात. गरम वारा थेट पानांवर येत नाही. जळगाव सोडून कुठेही निघा, रस्त्याकडेला लाल, पिवळ्या, जांभळ्या साड्या बागांना गुंडाळलेल्या दिसतील. परीक्षेच्या सकाळी नाना मोटारसायकलवर मागे मोठं गाठोडं बांधून आले. खांद्याला फवारणीचा पंप. आठवडाभर त्यांनी प्रत्येक मशीन उघडून पंख्यातली धूळ काढली होती, दोन कूलर कुठून तरी मागून आणले होते. आता व्हरांड्यात शिरून सहाही खिडक्यांवर ते साड्या बांधू लागले.

मी एक टोक धरायला गेले. पोपटी रंगाची, बारीक किनारीची साडी. घडीच्या खुणा अजून तशाच. "नाना, ह्या तर नव्यासारख्या आहेत. बागेवरच्या नाहीत."

"तिच्या हायेत," नाना गाठ मारत म्हणाले. "पेटीत व्हत्या. लोकं म्हनले वाटून टाक. मनानं घेतलं नाही." दुसरी गाठ मारली. "आते बसून काय करतीन तिथं? येऊ दे कामाले."

दुपारी परीक्षा सुरू झाली. आत मी पर्यवेक्षक. नानांना आत यायची परवानगी नव्हती, ते व्हरांड्यात होते. पाठीवर पंप, आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, साड्यांवर पाणी मारत. लॅबमध्ये पोपटी आणि हळदी उजेड पडला होता. ओल्या कापडातून येणारी हवा चक्क गार होती. साडीपलीकडून त्यांची सावली सरकत जाताना दिसे, थांबे, पुन्हा सरके.

तीनच्या सुमारास बारा नंबरचा पंखा गुरगुरायला लागला. बारावर रमिला होती. तिचं लक्ष प्रश्नात. मी जवळ गेले आणि काही विचार न करता मशीनच्या कुशीला तळहात लावला. चटका बसला. मी खिडकीच्या गजावर बोटानं टकटक केलं. बाहेर सावली थांबली. साडीच्या कडेतून नानांनी डोकावून बघितलं आणि आपला तळहात उभा धरला, ताप आहे का, असं विचारल्यासारखा. मी मान हलवली. त्यांनी जवळच्या कूलरचं तोंड गजातून हात घालून तिकडे वळवलं आणि त्या खिडकीवरची साडी पुन्हा पुन्हा भिजवत राहिले. पाणी निथळून व्हरांड्यातून वाहू लागलं. दहा मिनिटांनी पंख्याचा आवाज खाली आला. रमिलाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, आणि ते मला फार बरं वाटलं.

साडेपाचला सगळे बाहेर पडले. एकही मशीन बंद पडलं नव्हतं. रमिला व्हरांड्यात जाऊन नानांसमोर उभी राहिली. "नाना, एकबी डाव अटकनं नही." मग सगळ्या साड्यांना हात लावत म्हणाली, "बठ्ठ्या ओल्या शेत!" नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या, हे बी तुमचीच शे-वाली." रमिला वाकून त्यांच्या पाया पडली आणि पळत जिना उतरली. तिला गावाकडची शेवटची बस गाठायची होती.

मेअखेर नाना निवृत्त झाले. माझी नेमणूक संपली होती, मी आधीच धुळ्याला परतले होते. पुढच्या थंडीत ते झोपेतच गेल्याचं मला रमिलाने कळवलं. एमसीएच्या वसतिगृहातून तिचा फोन होता. बोलता बोलता रडत होती, मीही रडले.

मला मात्र नाना दिसतात ते त्या परीक्षेच्या संध्याकाळचे. मुलं गेल्यावर त्यांनी चाळीसही मशीनना एकदा शेवटचा हात लावला, एकेक बंद केलं. मग साड्या सोडायला व्हरांड्यात गेले. मी पर्स खांद्याला लावून निरोप घ्यायला दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. ऊन खाली उतरलं होतं. पाच खिडक्यांवरच्या साड्या सोडून, घडी करून कठड्यावर ठेवलेल्या. सहावी, पोपटी, अजून बांधलेलीच होती. नाना तिच्यासमोर उभे होते. साधारण माणसाचं कपाळ येईल तेवढ्या उंचीवर त्यांनी त्या ओल्या कापडाला तळहात टेकवला होता. बारा नंबरपाशी थांबायचे त्याहून कितीतरी जास्त वेळ.

मग हळूच म्हणाले, "आते ताप नाही वं."

मी पाय न वाजवता जिना उतरले.